तर लागेपर्यंत

भाच्याने काढून दिलेल्या यादीत सात ठिकाणं होती,
प्रत्येकापुढे किती मिनिटं पुरतील तेही.
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये ही खाडी आडवी आली.

सकाळचे साडेनऊ. धक्क्याच्या शेवटच्या पायरीखाली
पाणी नव्हतं, पाण्याची जागा होती.
होडी कुशीवर निजलेली,
आणि तिच्या सावलीत पांडगो तारी, तोही कुशीवर.
"पाणी गेलां," डोळे न उघडता म्हणाला,
"चार वाजता येतला."
जणू पाणी बाजाराला गेलंय
आणि जाताना त्याच्याकडे निरोप ठेवलाय.

मी घड्याळ पाहिलं. मग खाडी. मग पुन्हा घड्याळ.
रस्त्याने बेचाळीस किलोमीटर,
आणि मला इथे सोडणारी एसटी केव्हाच वळणाआड गेलेली.
पलीकडचं देऊळ एवढं जवळ
की घंटेकडे उचललेला हात दिसे.
आवाज मात्र मागाहून यायचा,
रिकाम्या पात्रातून चालत आल्यासारखा.

पहिला तास मी रागावण्यात घालवला.
दुसरा, आपण रागावलोय हे इथे
कुणाच्या लक्षातही येत नाही, हे कळण्यात.

मग सुंदराबाय कोयंडे आली,
कासोटा वर खोचलेला, हातात कोयती आणि टोपली.
"काय बगूक इलास?"
यादी खिशात होती, पण तोंडातून निघेना.
"मगे चला, खुबे काढूया."

"आदी टाच. मगे बोटां.
पाय ओढूचो नाय, चिखलाक इचारूचा."
मी न विचारता ओढला.
डावी चप्पल चिखलाने ठेवून घेतली.

वरून पाहिलं तर तिथे काहीच नसतं.
वाकलं, आणि वाकून थांबलं,
तर भोकं दिसू लागतात, सुईच्या टोकाएवढी.
जोडीने दोन असली की खाली खुबा.
एकटं, मोठं असलं तर कुर्ली;
तिथे बोट घालू नये, हे तिने
मी घातल्यावर सांगितलं.

तासाभरात तिची टोपली भरली. माझे अकरा.
त्यातले चार तिने न उघडता फेकून दिले:
मेलेल्या खुब्यात चिखल भरतो,
हाताला तो जिवंताएवढाच जड लागतो.
तिला कसं कळलं, ते विचारलं.
तिने दोन शिंपले एकमेकांवर वाजवून दाखवले.
मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

तिचा झील मालवणात असतो,
पर्यटकांना नारिंगी जाकीट चढवून पाण्यात सोडतो.
हंगामात घरी पैसे येतात, छपराचे पत्रे त्यातलेच.
गर्दीने किनाऱ्याची वाट लावली, असं काहीसं
मी म्हणणार होतो.
पेजेच्या घोटाबरोबर ते खाली गेलं.

उकड्या तांदळाची पेज, वर खारातल्या आंब्याची फोड.
पडवीत सावली. कोंबडी माझ्या अनवाणी पायावरून गेली.
"इथे किती बरं वाटतं," मी म्हणालो.
"तुमका बरां वाटता," ती म्हणाली,
"कारण तुमका चार वाजता जावचां आसा."
हसली नाही, चिडलीही नाही.
खुबे धूत राहिली, तीन पाणी, चार पाणी.

पाणी आलं ते येताना दिसलं नाही.
मघाची पावलं तेवढी एकेक करून कमी झाली,
आधी लांबची, मग जवळची,
तिची कोणती आणि माझी कोणती हे उरलं नाही.
होडी उठून बसली. पांडगोही.

दहा रुपये. सात मिनिटं.
फळीवर नीट टेकलोही नव्हतो
तर पलीकडची पायरी लागली.

रात्री भाच्याचा फोन. "किती झाली, मामा?"
"अर्धी."
"अर्धी काय?"
"खाडी," म्हटलं, आणि तो लाइन खराब आहे असं समजला.

उजवी चप्पल उगाच पिशवीत घेऊन फिरतोय.
डावी तिकडे.
आता बारा वाजत आलेत,
पुन्हा उघडी पडली असेल.